जन्म इथला, नोंद तिथली

1 जानेवारी 1993 रोजी चेकोस्लोव्हाकिया हा देश संपला आणि त्याच्या जागी चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकिया अशी दोन राज्ये उभी राहिली. त्याच सुमारास युगोस्लाव्हियात रक्ताचे पाट वाहत होते. त्यामुळे एकही गोळी न झाडता झालेल्या या वाटणीचे जगभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. संघराज्याची मालमत्ता लोकसंख्येच्या मानाने साधारण दोनास एक अशी वाटली गेली. पण मालमत्तेबरोबर माणसांचीही वाटणी झाली, आणि ती राहत्या घरावरून किंवा माणसाच्या इच्छेवरून झाली नाही. बहुतेकांनी कधी नावही न ऐकलेल्या एका जुन्या नोंदीवरून ती झाली. या नोंदीचा सर्वांत मोठा फटका चेक भूमीत राहणाऱ्या रोमा, म्हणजे ‘जिप्सी’ म्हटल्या जाणाऱ्या, लोकांना बसला. आयुष्यभर त्याच गावात राहिलेल्या, त्याच खाणीत किंवा कारखान्यात खपलेल्या हजारो माणसांना आपण परदेशी असल्याचे सरकारी खिडकीपाशी कळले. पुढची सहा-सात वर्षे काही वकील आणि कार्यकर्ते या लोकांचे नागरिकत्वाचे अर्ज भरून देत होते, दाखले मिळवून देत होते, फेटाळलेल्या अर्जांवर दाद मागत होते. या कामाची आठवण निघाली तर ती गरिबांना केलेली मदत म्हणूनच निघते. मला ते वर्णन अपुरे वाटते. त्या वकिलांनी मिळवून दिलेले दाखले मोलाचे होतेच. पण कायद्याचा खरा परिणाम काय होतो आहे हे पाहण्याची दुसरी कोणतीही सोय त्या देशात नव्हती, आणि ती सोय या अर्जांच्या फायलींनी निर्माण केली. 1999 मध्ये चेक संसदेने कायदा बदलला, त्या बदलाचा पाया या फायलींत आहे, असे माझे म्हणणे आहे.

हे पटण्यासाठी थोडे मागे जावे लागते, कारण मध्य युरोपात रोमांचे आणि सरकारी कागदाचे नाते 1993 मध्ये सुरू झालेले नाही. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या गावाचा म्हणून नोंदलेला असावा लागे. या ग्रामहक्कामुळे माणूस कंगाल किंवा म्हातारा झाला तर त्याला पोसण्याची जबाबदारी त्या गावावर येई, आणि गाव त्याला हुसकावू शकत नसे. साहजिकच गरीब माणसाला, त्यातही रोमाला, आपल्या दप्तरात घ्यायला गावे तयार नसत. 1918 नंतर नवे चेकोस्लोव्हाक राज्य आले तेव्हा त्याचे नागरिक कोण हे ठरवण्यासाठी याच ग्रामहक्काचा आधार घेतला गेला, आणि ही पद्धत 1948 च्या अखेरीपर्यंत टिकली. दरम्यान 1927 मध्ये ‘भटक्या जिप्सीं’साठी वेगळा कायदा झाला. त्याने चौदा वर्षांवरील व्यक्तींच्या बोटांचे ठसे घेऊन त्यांना स्वतंत्र ओळखपत्रे दिली, कुठे थांबायचे आणि कुठे नाही हे ठरवले. म्हणजे ज्या कागदाने हक्क मिळतो तो कागद या लोकांना मिळणे कठीण, आणि ज्या कागदाने पाळत ठेवता येते तो मात्र सक्तीचा. नाझींच्या ताब्यात हा देश गेला तेव्हा त्या याद्या आयत्याच हाताशी होत्या. बोहेमियातील लेटी आणि मोराव्हियातील होडोनिन इथल्या छावण्यांतून रोमा कुटुंबे आउशविट्झला गेली. युद्धापूर्वी या भागात काही हजारांनी असलेले रोमा आणि त्यांच्यातलेच सिंती जवळजवळ संपले. परत आले ते सुमारे सहाशे.

आज चेक प्रजासत्ताकात राहणारे बहुसंख्य रोमा या वाचलेल्यांचे वंशज नाहीत, आणि पुढची सगळी गुंतागुंत इथूनच निर्माण झाली. युद्धानंतर सीमाभागातील सुमारे तीस लाख जर्मनांना देशाबाहेर काढले गेले. गावे ओस पडली, खाणी आणि कारखाने माणसांवाचून थांबले. त्या जागी पूर्व स्लोव्हाकियातील गावाबाहेरच्या वस्त्यांतून रोमा कुटुंबे आली. काही स्वतःहून आली, काहींना कामासाठी आणले गेले. उत्तर बोहेमियातील मोस्त, खोमुतोव्ह, उस्ती, देचिन, तसेच ओस्ट्रावा या कोळसा आणि पोलादाच्या शहरांत ती स्थिरावली. 1958 च्या कायद्याने भटकंतीवर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी त्यासाठी झालेल्या नोंदणीत कित्येक अशा कुटुंबांची नावे घातली गेली जी मुळात भटकी नव्हतीच. 1965 मध्ये सरकारने स्लोव्हाकियातील रोमा वस्त्या मोडून तिथल्या लोकांना चेक जिल्ह्यांत ‘पांगवण्याची’ योजना आखली. ती पुरती अमलात आली नाही, पण राज्याची दिशा स्पष्ट होती: या लोकांनी पश्चिमेकडे यावे, एका ठिकाणी राहावे, मजुरी करावी. त्यांनी ते केले. 1993 नंतर ‘हे तर स्लोव्हाकियाचे लोक’ असे जेव्हा म्हटले गेले, तेव्हा त्यांना इथे आणण्यात याच राज्याचा हात होता ही गोष्ट सोयीस्करपणे बाजूला राहिली.

आता ती जुनी नोंद. 1968 च्या अखेरीस चेकोस्लोव्हाकियाचे संघराज्य करण्याचे ठरले आणि 1 जानेवारी 1969 पासून प्रत्येक नागरिकाला चेकोस्लोव्हाक नागरिकत्वाबरोबरच चेक किंवा स्लोव्हाक प्रजासत्ताकाचे नागरिकत्वही चिकटले. 1954 पूर्वी जन्मलेल्यांसाठी जन्मस्थान हा निकष होता. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना आईवडिलांचे नागरिकत्व लागू झाले. वर्षभरात अर्ज करून ते बदलता येत होते, पण बदलायचे कशासाठी? या नोंदीने मतदान, नोकरी, घर, पासपोर्ट यांत काडीचाही फरक पडत नव्हता. दैनंदिन व्यवहारात ती कुठे दिसतही नसे. परिणामी 1946 मध्ये कोशित्सेजवळच्या वस्तीत जन्मून बाळपणीच बोहेमियात आलेला माणूस कागदोपत्री स्लोव्हाक ठरला, आणि त्याला तशाच स्लोव्हाक नोंदीच्या बायकोपासून 1975 मध्ये उस्तीला झालेला मुलगाही स्लोव्हाक ठरला, जरी त्या मुलाने स्लोव्हाकिया डोळ्यांनी पाहिला नसला तरी. चोवीस वर्षे ही नोंद निजून राहिली. 29 डिसेंबर 1992 रोजी चेक राष्ट्रीय परिषदेने नागरिकत्वाचा कायदा संमत केला, त्याला 1993 चा 40 वा क्रमांक मिळाला, आणि त्या कायद्याने या नोंदीला एकदम जिवंत केले. ज्यांची नोंद चेक ते आपोआप नागरिक. ज्यांची स्लोव्हाक त्यांनी अर्ज करायचा. (योगायोग असा की स्लोव्हाकियाच्या नागरिकत्व कायद्याचा क्रमांकही 40/1993 हाच आहे; मात्र त्याने माजी चेकोस्लोव्हाक नागरिकांना विशेष अटींवाचून नागरिकत्व निवडण्याची मुभा दिली होती.)

चेक बाजूच्या अर्जाला तीन मुख्य अटी होत्या. निदान दोन वर्षे कायमचा रहिवास नोंदलेला असावा. स्लोव्हाक नागरिकत्वातून मुक्त केल्याचा दाखला जोडावा. गेल्या पाच वर्षांत जाणूनबुजून केलेल्या कोणत्याही गुन्ह्यासाठी शिक्षा झालेली नसावी. मुदत आधी 1993 च्या अखेरपर्यंत होती, ती पुढे 30 जून 1994 पर्यंत वाढली. वाचायला या अटी साध्या वाटतात, कोणत्याही सरकारी फॉर्मवर असाव्यात तशा. पण एकेक अट रोमांच्या प्रत्यक्ष जगण्यावर ठेवून पाहिली की चित्र बदलते. कायमचा रहिवास नोंदवायला घरमालकाची किंवा नगरपालिकेची संमती लागे. एका खोलीत दोन-तीन कुटुंबे राहत असतील, किंवा माणूस कामगारांच्या वसतिगृहात राहत असेल, तर ती नोंद होत नसे. कित्येकांचा नोंदलेला पत्ता अजूनही स्लोव्हाकियातल्या आजोळचाच होता. स्लोव्हाक नागरिकत्वातून मुक्त होण्यासाठी आधी आपण स्लोव्हाक असल्याचा दाखला मिळवावा लागे. म्हणजे जन्मगावच्या दप्तरातून जन्मनोंद, लग्नाची नोंद, मुलांच्या नोंदी, प्रत्येक कागदावर तिकिटे, आणि नव्या सरहद्दीपलीकडच्या कचेऱ्यांत खेटे. ज्यांना वाचता-लिहिता जेमतेम येत होते, ज्यांच्या गाठीला रेल्वेभाड्याचे पैसे नव्हते, आणि 1989 नंतरच्या बंद पडणाऱ्या कारखान्यांतून सर्वांत आधी ज्यांना काढले गेले होते, त्यांनी हे सगळे दीड वर्षात करायचे होते.

कायदेशीर मदतीचे काम इथे उभे राहिले. प्रागमधील टॉलरन्स फाउंडेशनचे लोक उत्तर बोहेमियातील शहरांत जाऊन अर्ज अडलेल्या रोमांची प्रकरणे गोळा करू लागले. चेक हेलसिंकी समिती, जिची मुळे साम्यवादी काळातील मानवी हक्कांच्या चळवळीत होती, तिनेही नागरिकत्वाबाबत सल्ला देण्याचे काम हाती घेतले आणि पुढे त्याला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाचा आधार मिळाला. या कामात न्यायालयातली भाषणे फारच थोडी असतात. त्यातला मोठा भाग कारकुनी स्वरूपाचा असतो, आणि त्याचा मान त्यामुळे कमी होऊ नये असे मला मनापासून वाटते. या माणसाची नोंद नेमकी कोणत्या प्रजासत्ताकाची आहे हे आधी शोधायचे. त्याच्या हातात काय आहे आणि काय नाही ते तपासायचे. जन्मगावच्या कचेरीला पत्र लिहायचे. शुल्कात सवलत मागायची. खिडकीवरच्या कारकुनाने तोंडी ‘तुमचे होणार नाही’ म्हणून परत पाठवले असेल तर अर्ज लेखी दाखल करून घ्यायला लावायचा, आणि नकार मिळाला तर तोही लेखी घ्यायचा. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे. तोंडी नकाराची कुठेच नोंद राहत नाही. ज्याने अर्जच केला नाही तो सरकारी आकडेवारीत दिसतच नाही. गृहमंत्रालय जेव्हा सांगे की फेटाळलेल्या अर्जांचे प्रमाण अगदी कमी आहे, तेव्हा ते खोटे बोलत नव्हते. त्याच्या हिशेबात खिडकीवरूनच परतलेली माणसे नव्हती, इतकेच. वकिलांनी तोंडी नकाराला लेखी रूप दिले तेव्हा ही माणसे पहिल्यांदा दिसू लागली.

अनाथालयातील मुलांचे प्रकरण या सगळ्यात मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. चेक प्रदेशातील सरकारी बालगृहांत रोमा मुलांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्यापेक्षा कितीतरी अधिक होते. गरीब घरांतून मुले काढून संस्थांत ठेवण्याची ती जुनी रीत. या मुलांचे नागरिकत्व आईवडिलांवरून ठरत होते, आणि आईवडील तर दूर, कधी बेपत्ता, कधी तुरुंगात. मुलासाठी अर्ज करायचा कोणी? काही ठिकाणी संस्थेच्या प्रमुखांनी केला, काही ठिकाणी कोणाच्या लक्षातच आले नाही. अशी मुले वयात आल्यावर ओळखपत्रासाठी गेली तेव्हा त्यांना कळले की ज्या राज्याने त्यांना लहानपणापासून सांभाळले, त्याच राज्याच्या लेखी ती परदेशी आहेत. कायद्यात कोणी मुद्दाम अशी तरतूद केली नव्हती. ती होईल असा विचार कोणी केला नव्हता, आणि विचार न करणे हाही राज्याचा दोष असू शकतो.

मे 1994 मध्ये, म्हणजे मुदत संपायला महिनाभर उरला असताना, टॉलरन्स फाउंडेशनने 99 व्यक्तींच्या प्रकरणांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. नव्याण्णव हा आकडा लहान आहे. पण त्या प्रकरणांत प्रत्येकाचा जन्म कुठला, राहणे किती वर्षांचे, कुटुंब कुठे, अर्ज कोणत्या पायरीवर अडला, हे तपशीलवार मांडलेले होते. त्यांत दिसत होते की ही माणसे बहुतेक करून जन्मापासून किंवा दीर्घकाळ चेक भूमीतच राहणारी आहेत, त्यांचे आईवडील, भावंडे, मुले इथेच आहेत. याआधीचा वाद अंदाजांचा होता: कोणी म्हणे काही हजार, कोणी म्हणे त्याच्या अनेकपट. अंदाजाला उत्तर म्हणून सरकारही अंदाजच पुढे करू शकत होते. प्रकरणाला मात्र प्रकरणाच्याच पातळीवर उत्तर द्यावे लागते. या माणसाला तुम्ही कुठे पाठवणार, ज्या देशात त्याचे कोणीच नाही तिथे? हा प्रश्न नव्याण्णव वेळा, नव्याण्णव निरनिराळ्या तपशिलांसह विचारला गेला.

या मांडणीवर घेतलेले आक्षेप हलके नाहीत. पहिला असा की कायद्यात रोमा हा शब्दच नव्हता. तो सर्व स्लोव्हाक नोंदीच्या लोकांना सारखाच लागू होता, आणि तीन लाखांहून अधिक लोकांनी त्याखाली चेक नागरिकत्व मिळवलेही. शिवाय ही विशेष सवलत होती. नेहमीच्या मार्गाने परदेशी माणसाला पाच वर्षे थांबावे लागते, भाषेची परीक्षा द्यावी लागते. चेक घटना न्यायालयापुढे काही खासदारांनी या कायद्याला आव्हान दिले तेव्हा 13 सप्टेंबर 1994 च्या निकालात न्यायालयाने ते फेटाळले. आपले नागरिक कोण हे ठरवणे हा सार्वभौम राज्याचा अधिकार आहे आणि इथे तर अटी नेहमीपेक्षा सौम्य आहेत, असा त्याचा एकूण रोख होता. या युक्तिवादाची तर्कसंगती मी नाकारत नाही. पण त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे: हे लोक बाहेरून येऊन दार ठोठावत आहेत. वस्तुस्थिती अशी होती की ते घरातच होते आणि भिंत नंतर बांधली गेली. एक राज्य मोडून दुसरे उभे राहते तेव्हा तिथल्या कायम रहिवाशांना नागरिकत्व देणे हा उपकार मानायचा की त्या नव्या राज्याच्या जन्माबरोबर आलेले कर्तव्य, हा खरा प्रश्न होता. आणि तीन लाखांचा आकडा कायदा सुलभ असल्याचा पुरावा म्हणून दिला जातो, तेव्हा माझ्या मते तो उलट बाजूचा पुरावा ठरतो. ज्यांच्याकडे घराची नोंद, पैसा, शिक्षण आणि वेळ होता त्यांना अडचण आली नाही. ज्यांच्याकडे यांतले काही नव्हते ते जवळजवळ सगळे एकाच समाजाचे निघाले. कायद्याचा मजकूर तटस्थ आहे की नाही हे मजकूर वाचून कळते. त्याचा परिणाम तटस्थ आहे की नाही हे कळण्यासाठी फायली लागतात.

दुसरा आक्षेप गुन्ह्याच्या अटीविषयी आहे, आणि सर्वसामान्य चेक माणसाला तोच सर्वांत पटत असे. नागरिकत्व देताना अर्जदाराचे चारित्र्य पाहणे यात वावगे काय? पुष्कळ देश पाहतात. खरे आहे, पण ते नव्याने येऊ पाहणाऱ्या माणसाचे पाहतात. इथे 1989 मध्ये एखाद्या तरुणाने किरकोळ चोरी केली, शिक्षा भोगून मोकळा झाला, तेव्हा तो आणि त्याच्याबरोबर पकडलेला त्याचा चेक नोंदीचा मित्र दोघेही एकाच देशाचे नागरिक होते. 1993 मध्ये त्याच गुन्ह्यामुळे एकाचे नागरिकत्व अडले आणि दुसऱ्याला काहीच झाले नाही. गुन्हा घडला तेव्हा जी शिक्षा अस्तित्वात नव्हती ती नंतर लादली गेली, आणि तीही एकालाच. अमेरिकी काँग्रेसच्या हेलसिंकी आयोगाने 1994 आणि 1996 च्या आपल्या अहवालांत याच मुद्द्यावर बोट ठेवले. शिवाय परदेशी ठरलेल्या माणसाला न्यायालय देशाबाहेर काढण्याची शिक्षा देऊ शकत होते, आणि तशा शिक्षा दिल्या गेल्या. बायको, मुले उस्तीत आणि नवऱ्याला स्लोव्हाकियात पाठवायचे, जिथे त्याला राहायला छप्पर नाही आणि ओळखीचे माणूस नाही. गुन्ह्याची शिक्षा झालीच पाहिजे असे म्हणणाऱ्याने ही दुसरी शिक्षा कोणत्या गुन्ह्याची, हे सांगावे.

तिसरा आक्षेप कायद्याच्या दृष्टीने सर्वांत बळकट होता: या लोकांना बेवतन म्हणणे चूक आहे, कारण त्यांना स्लोव्हाक नागरिकत्व होते किंवा सहज मिळू शकत होते. दोन्ही राज्यांतल्या करारामुळे स्लोव्हाक नागरिक चेक प्रदेशात परवान्याशिवाय कामही करू शकत होते. पुष्कळांच्या बाबतीत हे खरे होते, आणि मदत करणाऱ्या संस्थांच्या प्रचारात सगळ्यांना सरसकट बेवतन म्हणण्याची जी ओढ दिसते ती मला मान्य नाही. पण काही जण खरोखरच दोन्हीकडून सुटले: स्लोव्हाकियाने मुक्त केले आणि चेक अर्ज फेटाळला गेला, किंवा जन्मनोंदच सापडली नाही. आणि बाकीच्यांना मिळालेले नागरिकत्व अशा देशाचे होते जिथे ते राहत नव्हते. ज्या गावच्या शाळेत मुले जातात, ज्या गावच्या नगरपालिकेवर घर मिळणे न मिळणे अवलंबून आहे, तिथे मत नाही. कायम रहिवास नोंदलेला नसेल तर अनेक सरकारी भत्ते नाहीत. आणि हद्दपारीची भीती कायमची. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने आणि युरोप परिषदेच्या तज्ज्ञांनी 1996 मध्ये हाच भेद मांडला. माणसाचे ज्या राज्याशी प्रत्यक्ष आणि जिवंत नाते आहे, त्या राज्याने त्याला नागरिक मानावे, केवळ कुठलेतरी नागरिकत्व आहे एवढ्यावर भागवू नये, असा तो विचार होता. हा विचार या संस्थांना हवेतून सुचला नाही. प्रागच्या सल्ला केंद्रांतून आलेल्या प्रकरणांवाचून तो मांडताच आला नसता.

अर्ज वेळेत न करणाऱ्यांचा हलगर्जीपणा, हा चौथा आक्षेप. तो मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल, कारण आपल्याकडे तो रोज ऐकू येतो. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या माणसाला जातीचा दाखला हवा असेल तर कुटुंब 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीपासून राज्यात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावाने शिवेच्या आत राहू दिले नाही, ज्यांच्या काही जमातींना ब्रिटिशांच्या 1871 पासूनच्या कायद्यांनी जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि सोलापूरच्या तारेच्या कुंपणात ठेवले, त्यांच्याकडून सहा दशकांपूर्वीच्या वस्तीचा कागद मागायचा आणि तो नसला तर त्यांनी जपून ठेवला नाही म्हणायचे, हा प्रकार आणि मोस्तच्या कचेरीतला प्रकार यांत तत्त्वाचा फरक नाही. दोन्हीकडे ज्या राज्याने कागद दिला नाही तेच राज्य कागद मागते. आपल्याकडे रोमांचा विषय निघाला की बहुधा ते हजारएक वर्षांपूर्वी भारतातून गेले इथेच गाडी थांबते. 1976 मध्ये चंडीगडला रोमा महोत्सव भरला, तेव्हाही नात्याचीच चर्चा झाली. नाते खरे आहे. प्रागच्या मिलेना ह्युब्शमानोव्हा मुळात हिंदी-उर्दूच्या अभ्यासक होत्या आणि त्या वाटेनेच रोमानी भाषेकडे वळून त्यांनी सारे आयुष्य तिला दिले. पण मूळ भारतातले आहे या गोष्टीने मोस्तमधल्या माणसाचा अर्ज पुढे सरकत नाही. दूरच्या उगमाचा हा अभिमान कधीकधी ‘हे मुळात इथले नाहीतच’ म्हणणाऱ्यांच्याच हाती पडतो. रोमांच्या विसाव्या शतकाचा विचार करायचा तर तो युरोपातल्या राज्यांच्या दप्तरांतून करायला हवा.

शेवटचा आक्षेप मला स्वतःला सर्वांत विचारात पाडणारा आहे. कायदा बदलला तो परदेशी दडपणामुळे, असे तो म्हणतो. चेक प्रजासत्ताकाला नाटोत जायचे होते, युरोपीय संघात जायचे होते. वॉशिंग्टनने आणि स्ट्रासबुर्गच्या युरोप परिषदेने कान पिळले म्हणून संसद हलली. त्यात चार वकिलांचे श्रेय किती? शिवाय वाईट कायद्याखाली लोकांचे अर्ज भरून देणे म्हणजे त्या कायद्याला मान्यता देणे नव्हे काय? दडपण खरे होते, आणि आकांक्षेच्या त्या काळात त्याला वजनही होते. पण दडपणाचा क्रम पाहिला तर दिसते की 1996 पर्यंत बाहेरची प्रत्येक संस्था जे बोलत होती ते प्रागमध्ये 1994 मध्येच कागदावर आलेले होते. बाहेरचा माणूस कायद्याचा मजकूर मागवून वाचू शकतो, पण गुन्ह्याची पाच वर्षांची अट कोणत्या वस्तीत किती माणसांना अडवते हे त्याला तिथल्या वकिलाशिवाय कळत नाही. आणि अर्ज भरून देण्याने कायद्याला मान्यता मिळते हा मुद्दा तर मला उलटा वाटतो. बहिष्कार घातला असता तर सरकारने आनंदाने म्हटले असते की मागणीच नाही. अर्ज आले, अडले, लेखी फेटाळले गेले, म्हणूनच कायद्याचे वागणे उघड झाले. अर्थात एकेका माणसाला मिळालेला दाखला हाच ज्याच्यासाठी सर्वस्व होता, त्याला हे सगळे ऐकवण्यात अर्थ नाही. त्याचे काम झाले हे पुरेसे आहे, आणि ज्याचे झाले नाही त्याची फाईल दुसऱ्याच्या उपयोगी पडली म्हणून त्याचे दुःख कमी होत नाही. मोफत कायदेशीर मदतीच्या कामातली ही वेदना कोणत्याही युक्तिवादाने मिटणारी नाही.

बदल दोन टप्प्यांत आला. 1996 च्या दुरुस्तीने गृहमंत्रालयाला गुन्ह्याची अट माफ करण्याचा अधिकार दिला. अट तशीच राहिली, फक्त ती सोडायची की नाही हे मंत्रालयाच्या मर्जीवर आले. आणि मर्जीचा अर्ज नेमका, पुराव्यानिशी लिहिण्यासाठी वकिलाची गरज उलट वाढली. 1998 मध्ये नवे सरकार आले. साम्यवादी राजवटीत तुरुंगात गेलेले, सनद 77 या मानवी हक्कांच्या चळवळीतले पेत्र उल मानवी हक्कांचे आयुक्त झाले. रोमांच्या प्रश्नाकडे त्या चळवळीचे लक्ष नवे नव्हते. सनद 77 ने 1978 मध्येच रोमांच्या स्थितीवर स्वतंत्र दस्तऐवज काढून रोमा स्त्रियांच्या नसबंदीबद्दल आवाज उठवला होता. 1999 चा 194 क्रमांकाचा कायदा त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये लागू झाला. 1992 च्या अखेरीस स्लोव्हाक नोंद असलेला आणि तेव्हापासून सलग चेक भूमीत राहणारा माजी चेकोस्लोव्हाक नागरिक आता केवळ निवेदन देऊन चेक नागरिक होऊ शकत होता. गुन्ह्याची अट गेली. स्लोव्हाक नागरिकत्व सोडण्याची अट गेली. अर्ज मंजूर करण्याची कृपाही गेली. निवेदनाच्या अटी पुऱ्या झाल्या की हक्क सिद्ध. 1994 मध्ये घटना न्यायालयाने ज्याला राज्याची मुभा म्हटले होते ते पाच वर्षांनी संसदेने रहिवाशाचा हक्क म्हणून मान्य केले.

तरी खिडकीपाशी जायचे होतेच, आणि सलग राहत असल्याचे दाखवायचे होते. ज्याचे नाव कोणत्याच घरावर नोंदलेले नव्हते, ज्याने सहा वर्षांत तीन शहरे आणि दहा पत्ते बदलले, जो काही महिने स्लोव्हाकियातल्या चुलत्याकडे राहून आला, किंवा ज्याला हद्दपार केले गेले होते आणि जो गुपचूप बायकोमुलांकडे परतला होता, त्याच्यासाठी ‘सलग’ हे सिद्ध करणे पुन्हा कागदांचेच काम होते: कारखान्याचे पत्र, दवाखान्याची नोंद, मुलाच्या शाळेचा दाखला, शेजाऱ्याचे लेखी निवेदन. निम्मे गठ्ठे जुन्या फायलींत आधीच लावून ठेवलेले होते, कारण 1994 मध्ये फेटाळल्या गेलेल्या अर्जाबरोबर ते कोणीतरी गोळा केले होते. सल्ला केंद्रांतल्या लोकांनी त्या फायली बाहेर काढल्या, जुन्या अर्जदारांचे पत्ते शोधले आणि निवेदने लिहायला घेतली.